बरोबरचं माणूस

१

तीर्थहळ्ळीच्या डॉक्टर वामन ऐताळांकडे एकट्याने जाऊन उपयोग नसतो, हे आसपासच्या सगळ्या गावांना ठाऊक होतं. तापाखोकल्याचे डॉक्टर बाजारात पुष्कळ होते. त्यांच्याकडे एकट्याने जावं, जीभ दाखवावी, गोळ्या घेऊन यावं. ऐताळ मनाचे डॉक्टर. त्यांच्या दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न यायचा, "बरोबर कोण आलंय?" कोणी नसेल तर डॉक्टर हात जोडून म्हणायचे, "उद्या या. आईला आणा, भावाला आणा, शेजारी असला तरी चालेल. पण माणूस आणा."

हा नेम त्यांनी सरकारी नोकरीतही मोडला नव्हता. बंगळूरच्या मोठ्या इस्पितळात शिक्षण झालं, मग धारवाडला काही वर्षं, मग जिल्ह्याच्या दवाखान्यात थेट निवृत्तीपर्यंत. जिथे गेले तिथे त्यांच्या खोलीची मांडणी तीच. टेबलासमोर रोग्याची खुर्ची, आणि तिच्या बाजूला, जरा मागे सरकवून, बरोबरच्या माणसाची वेताची खुर्ची. सत्कारात लोक म्हणायचे, ऐताळ सरांसारखी हकिगत कोणाला काढता येत नाही. त्यावर ते हसून म्हणायचे, "रोगी दाखवतो, बरोबरचा सांगतो. मी नुसता मध्ये बसतो."

आता दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत होता आणि ओसरीवरचा कारभार जलजाक्षीकडे. ती डॉक्टरांची बायको; हे काम कोणी नेमून दिलं नव्हतं तिला. तिनेच अंगावर घेतला होता. सकाळी तुळशीची पूजा आटोपली की ती जिरं, धणे, मेथी भाजून कषाय उकळायची, गूळ-दूध घालायची आणि ओसरीवर बसलेल्यांना पेला पेला द्यायची. रोग्याच्या आधी बरोबरच्याला. मनाच्या आजारात झोप दोघांची जाते, पण विचारपूस एकाचीच होते, असं तिला वाटे. त्यामुळे आल्यागेल्या प्रत्येक आईचा, आत्याचा, दिराचा चेहरा तिच्या ओळखीचा.

कार्तिकातली सकाळ होती. तुंगेवरून धुकं अजून उठलं नव्हतं. स्पंदना नावाची एक तरुण शिक्षिका आली. ओढणी नीट पिन लावलेली, डोळ्यांखाली काळं.

"कोणी आलं नाही का गं बरोबर?" जलजाक्षीने विचारलं.

"नाही अम्मा. शाळेत जाते सांगून परस्पर आलेय. आईला कळलं तर वेड्यांच्या डॉक्टरकडे गेलीस म्हणून घर डोक्यावर घेईल."

"मग आज काही तपासायचे नाहीत हो ते. पण विचारून बघ. आधी हे गरम आहे तोवर घे."

मुलगी आत गेली. जलजाक्षी तिची समजूत घालायच्या तयारीत बसली होती, पण मुलगी बाहेर येईचना. कार्तिकातल्या दिव्यांसाठी जलजाक्षी वाती वळत होती. ताटली भरून वाती झाल्या, तेव्हा कुठे दार उघडलं. मुलीच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी होती.

दुपारी जेवताना डॉक्टर खुशीत होते. ब्राह्मीच्या तंबळीत, ताकातल्या त्या गार कढीत, भात कालवत म्हणाले, "त्या मुलीची मावशी फार समंजस बाई हो. किती नीट सांगितलं सगळं! अशी माणसं हल्ली भेटत नाहीत."

"कोणत्या मुलीची?"

"ती मास्तरीण नाही का. स्पंदना."

"अहो, ती एकटी आली होती."

"छे गं. तू देवघरात असशील."

जलजाक्षी ओसरीवरून हललीसुद्धा नव्हती. त्यांनी ताक मागितलं, तिने वाढलं.

२

त्या दिवसापासून तिचं लक्ष जपात लागेना. माळेवर बोटं फिरत आणि कान पुढच्या खोलीकडे.

एकटं येणारं माणूस काही रोज येत नाही. पण आलं की डॉक्टर त्याला परत पाठवत नव्हते, हे तिच्या ध्यानात आलं. आणि जेवताना हमखास त्याच्या बरोबरच्या माणसाचं कौतुक करत होते. कधी ती आत्या असे, कधी शेजारीण. बाई मात्र नेहमीच.

घरकामाला येणाऱ्या गुलाबीने तिला दोनदा दाराला कान लावलेलं पकडलं. "अम्मा, नवऱ्यावर पाळत ठेवायचं हे वय का? आता त्यांना पळवून नेणारी कोण येणार, आणि नेलंच तर रोज पथ्याचं रांधून घालावं लागेल म्हणून परत आणून सोडेल बघा."

"गप गं. दाराची बिजागरी करकरते, तेल घालायचंय."

"मग कानात घालताय का तेल?"

सुपारीच्या अडतीवरचे जुने कारकून सुब्बराव आले, त्या दिवशी तिने धीर केला. सुब्बराव बिनलग्नाचे, घरात माणूस नाही. ते ओसरीवर एकटे बसले, एकटे आत गेले. हे तिने डोळ्यांनी पाहिलं. मग ती मधल्या बोळातून देवघराच्या बाजूच्या दारापाशी उभी राहिली.

"झोप लागते?" डॉक्टरांचा आवाज.

"कुठली झोप, सार! पडून असतो झालं."

"जेवण?"

"होतं कसंबसं."

मग डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा."

आत शांतता. कोणी काही बोलत नव्हतं. बाहेर चिंचेवर कावळा ओरडला. शांतता साधारण एखादं उत्तर मावेल इतकीच होती. मग डॉक्टर म्हणाले, "हं." पुन्हा शांतता. "भाऊ गेल्यापासून? अच्छा. ताट तसंच वाढून ठेवतात म्हणता?" आणि सुब्बराव एकदम हुंदका देऊन रडायला लागले.

जलजाक्षीने फटीतून पाहिलं. डॉक्टर सुब्बरावांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. हातातलं पेन चाललं होतं. वेताची खुर्ची दाराच्या फळीआड होती, ती दिसेना. पण वेत करकरला. बराच वेळ बसलेलं माणूस उठतं तेव्हा करकरतो, तसा.

जुना वेत आहे, उन्हात वाळतो, करकरायचाच, तिने मनाला सांगितलं. ऊन अजून खिडकीवर आलं नव्हतं, हे तिला मागाहून आठवलं.

जाताना सुब्बराव चपला घालत म्हणाले, "अम्मा, लोक म्हणतात डॉक्टर मन वाचतात, ते खोटं नाही. धाकट्याचं ताट मी रोज वाढतो, हे ह्यांना कोणी सांगितलं?"

"आत तुमच्याशिवाय कोण होतं?"

"कोण असणार? मी आणि सार." मग ते जरा थांबले. "पण सार मध्येच कडेला बोलत होते. मला वाटलं, तुम्हीच बसला आहात."

एवढी वर्षं अशा डॉक्टरबरोबर संसार केल्यावर म्हातारपणच्या आजारांची नावं तिला माहीत झाली होती. असा एक आजार असतो की माणूस इतर सगळ्यात शहाणा असतो, फक्त त्याला घरात नसलेली माणसं दिसतात. त्या संध्याकाळी तिने दिवा लावताना सहज म्हणून विचारलं, "अहो, आज तिथी कोणती?"

"त्रयोदशी. वार गुरुवार. आपण तीर्थहळ्ळीत आहोत आणि तू माझी बायको आहेस." डॉक्टर चष्म्यावरून तिच्याकडे बघत हसले. "जलजा, माझेच प्रश्न मला? शंभरातून सात वजा करत जाऊ का आता?"

तीही हसली. पण देवापुढे हात जोडताना तिने मनाशी ठरवलं, ह्यांचं काय ते निवळेपर्यंत कॉफीला तोंड लावायचं नाही. कषाय दुसऱ्यांसाठी उकळलं तरी तिचा जीव सकाळच्या कॉफीत होता. देवी शारदाम्बेला ते ठाऊक होतं.

३

स्पंदनाची आई लीलावती आली ती तावातावातच. फाटकाची कडी आपटली, ओसरीची पायरी चढता चढताच तोंड सुरू. मागे मान खाली घालून मुलगी.

"अक्का, तुमच्या डॉक्टरांना बोलवा बाहेर! लग्नाची पोर माझी. तिला गोळ्या देतात, वॉर्डात ठेवू म्हणतात, कोणाला विचारून?"

"बसा तरी. थोडं कषाय—"

"नको तुमचं कषाय! असलं काही पिऊनच बोलतात वाटतं डॉक्टर."

डॉक्टर दारात आले. शांतपणे म्हणाले, "आत या. दोघीही या. जलजा, तूही ये."

जलजाक्षी त्या खोलीत रोगी असताना कधी गेली नव्हती. ती भिंतीला टेकून उभी राहिली. स्पंदना समोर बसली. लीलावती वेताच्या खुर्चीपाशी गेली, बसणार तोच थबकली, आणि का कोण जाणे, उभीच राहिली.

"तुमच्या बहिणीने मला सगळी हकिगत दिली आहे," डॉक्टर म्हणाले.

"कुठली बहीण? आम्ही पाच भाऊबहीण, चार भाऊ आणि मी! नवऱ्याला बहीण नाही. ही मावशी आणली कुठून तुम्ही?"

"मग त्या बाई कोण होत्या?" डॉक्टरांनी स्पंदनाला विचारलं. रागावून नाही, खरोखरच कुतूहलाने.

"माझ्याबरोबर कोणी नव्हतं, सर. मी तेव्हाही सांगत होते. तुम्ही ऐकलं नाही."

डॉक्टरांच्या कपाळावर एक आठी आली. जलजाक्षीला ती आठी पाहवेना.

"त्या म्हणाल्या," डॉक्टर सावकाश बोलू लागले, "ही लहान असताना, आजोळी, एका दुपारी तळ्यात गळ्याइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली होती. सगळे झोपले होते. ऊन उतरेपर्यंत उभी होती. मग आपली आपण बाहेर आली, कपडे वाळवले, आणि कोणाला सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, हिला आता पुन्हा ते पाणी आठवायला लागलंय. हिला एकटी ठेवू नका."

"ऐकलंत का अक्का, काय रचतात ते!" लीलावती जलजाक्षीकडे वळली. "चित्रपट काढा म्हणावं. माझी पोर पाण्याला भिते, घाटावर पाय बुडवत नाही!"

"आई," स्पंदना म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "ते खरं आहे."

लीलावती मुलीकडे वळली.

"मी कोणालाही सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. तिथे कोणीसुद्धा नव्हतं." मुलगी वेताच्या खुर्चीकडे बघत होती. "काठावर कोणीतरी बसलंय असं तेव्हा सारखं वाटत होतं. म्हणून मी आणखी पुढे गेले नाही."

लीलावतीने मुलीचा दंड धरला आणि तिला जवळजवळ ओढतच बाहेर नेलं. पायरीवरून मात्र तिने वळून पाहिलं. आता तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "अक्का, डॉक्टरांना कोणाला तरी दाखवा. माझी पोर मी नेईन शिमोग्याला. पण ह्यांच्या हाताखाली आणखी कोणाची पोर येऊ देऊ नका."

४

डॉक्टरांनी त्या दिवशी आणखी कोणाला तपासलं नाही. दिवेलागणीला जलजाक्षी खोलीत गेली तेव्हा ते आपल्या जागी बसले होते. तिने दिवा लावला, आणि वेताच्या खुर्चीत न बसता स्टूल ओढून घेतलं.

"ती बाई दिसते कशी हो?"

डॉक्टर विचारात पडले. मग म्हणाले, "मी बघितलेलं नाही."

"म्हणजे?"

"बरोबरच्या माणसाकडे मी कधीच बघत नाही, जलजा. तो बोलतो तेव्हा मी रोग्याचा चेहरा बघतो. सांगणारा खोटं सांगेल, चढवून सांगेल, लपवेल. पण ते ऐकताना रोग्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते खोटं नसतं. हीच तर माझी रीत. एवढ्या पोरांना मी हेच शिकवलं, कान बाजूला ठेवा, डोळे समोर ठेवा."

"म्हणजे एवढ्या वर्षांत त्या खुर्चीत कोण बसलं होतं, ते..."

"बसलेलं असायचं कोणीतरी. आवाज यायचा." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ह्या बाईचा आवाज थकलेला आहे. मध्ये मध्ये दम घेते. पण प्रेमाने सांगते. कोणाची तक्रार करत नाही."

जलजाक्षीने पदर घट्ट लपेटून घेतला. हा प्रश्न विचारू नये असं तिला फार वाटलं. "कधीपासून येतेय ती?"

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक वर्षं सरकताना तिला दिसत होती. जिल्ह्याचा दवाखाना, तिथली उंच छताची खोली, ओळीने बसलेले लोक. त्याच्या मागे धारवाड, जिथे लग्न होऊन ती पहिल्यांदा बिऱ्हाडाला गेली होती. तेव्हा हे घरी येऊन सांगत, आज एका बाईने इतकी सुंदर हकिगत दिली म्हणून सांगू.

"धारवाडपासून," ते म्हणाले. "कदाचित आधीपासून."

बाहेर तुळशीपाशी लावलेल्या पणत्या वाऱ्याने फडफडल्या.

"मी आजारी असेन," डॉक्टर म्हणाले, "तर ते बरं. त्यावर औषध असतं. पण आजारी असेन तर कधीपासून? आणि बरं झालेली ती सगळी माणसं? त्यांच्या हकिगती खऱ्या निघाल्या गं. एकूण एक." ते पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. "निरंजनला फोन लाव. किनाऱ्यावरच्या त्याच्या इस्पितळात जाऊ. आणि तू बरोबर चल. मी काय सांगेन त्यावर काही ठरणार नाही, मी रोगी. तू जे सांगशील त्यावर ठरेल. तू बरोबर नसताना मला कोणाला तपासू देऊ नकोस. एवढं कर."

"असं काय बोलता? मी कुठे जातेय?"

"नाही, पण वचन दे."

तिने त्यांच्या तळव्यावर हात ठेवला. सगळं नीट होईल, तिच्या मनाने घेतलं. निरंजन पै ह्यांचाच शिष्य, पोटच्या पोरासारखा. गोळ्या देईल, झोप येईल, त्या बाईचा आवाज बंद होईल. देवीला इतकं काही अवघड नाही.

५

आगुंब्याचा घाट उतरताना ती मनाशी घोकत होती काय काय सांगायचं ते. भूक चांगली आहे. चिडचीड नाही. पैशाचा, औषधांचा हिशेब चुकत नाही. फक्त एवढं एकच. वळणावळणावर डॉक्टर खिडकीबाहेर जंगलाकडे बघत होते. माकडं कठड्यावर बसली होती. त्यांनी तिला माकडांची एक गोष्ट सांगून हसवलंही. म्हणजे काही बिघडलेलं नाही, असं तिला वाटलं, आणि पुढच्याच वळणावर ते वाटणं ओसरलं.

इस्पितळाच्या त्या मजल्यावर लांबलचक बोळ होता. बाकांवर माणसं जोडीजोडीने बसली होती. एक रोगी, एक बरोबरचा. कोण रोगी आणि कोण बरोबरचा, हे चेहऱ्यांवरून सांगता येत नव्हतं. डॉक्टर बाकावर टेकले. बस लागल्यामुळे जलजाक्षीच्या तोंडाला कडू आलं होतं.

"चूळ भरून येते. इथेच बसा. बोलावलं तरी जाऊ नका हं."

"जाऊन ये."

ती गेली आणि आली. फार वेळ लागला नव्हता. तोंडावर मारलेलं पाणी अजून हनुवटीवरून ओघळत होतं. बाक रिकामा होता.

निरंजनच्या खोलीबाहेर एक परिचारिका उभी होती. जलजाक्षी धावतच तिच्याकडे गेली. "इथे माझे यजमान बसले होते. पांढरा सदरा, चष्मा—"

"मोठे डॉक्टर ना? आत गेले की, अम्मा."

"एकटे?"

"एकटे कसे सोडू? त्यांच्या घरच्या बाई होत्या ना बरोबर. त्यांनीच हाताला धरून नेलं."

जलजाक्षीने दाराकडे बोट केलं. "मी त्यांच्या घरची बाई आहे."

परिचारिकेने तिला वरून खाली न्याहाळलं. असलं रोज ऐकावं लागणाऱ्या माणसाच्या मायेने ती म्हणाली, "असं करा, अम्मा, बसा तुम्ही. आत एकालाच सोडतो. त्या आल्या की तुम्ही जा."

एरवी जलजाक्षी कोणाच्या शब्दापुढे जाणारी नव्हती. देवळात सुद्धा रांग मोडली नव्हती तिने कधी. पण तिने त्या पोरीचा हात बाजूला केला आणि दार ढकललं.

आत दारासमोर हिरव्या कापडाचा पडदा होता. पडद्याखालून पावलं दिसत होती. निरंजनचे बूट. ह्यांच्या चपला, तिनेच पुसून दिलेल्या. आणि ह्यांच्या चपलांच्या बाजूला, जरा मागे, दोन अनवाणी पावलं. चिखलाने माखलेली, टाचा फुटलेली. फार लांबून चालत आलेल्या बाईची असतात तशी.

बोलणं मात्र ऐकू येत नव्हतं. निरंजन म्हणत होता, "हं." मग गप्प. मग, "बरं."

तिने पडदा सारला.

खुर्ची रिकामी होती. डॉक्टर मान खाली घालून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. निरंजन त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. शिकवलं होतं तसं. त्याने मान वळवून जलजाक्षीकडे पाहिलं नाही. हात नुसता खुर्चीकडे केला.

काही झालं तरी ही जागा माझी आहे, तिला वाटलं. अग्नीसमोर ह्यांच्या शेजारी मी बसले, त्यानंतर दुसरं कोणी बसायचं नाही. मनात देवीचं नाव घेऊन ती खुर्चीत बसली.

खुर्ची उबदार होती.

"आणि तेव्हा ते किती वर्षांचे होते?" निरंजनने विचारलं, मगाशीच चाललेलं बोलणं पुढे न्यावं तसं.

मी आत्ता आलेय, निरंजन, मी जलजा. असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

"सहा," ती म्हणाली.

तो आवाज तिचाच होता, फक्त थकलेला. तिला दम घ्यावा लागला.

"त्याच्या आईला बंगळूरच्या वेड्यांच्या इस्पितळात न्यायचं ठरलं. घरची माणसं म्हणाली, हिच्याबरोबर जाऊन कोणाची रोजची कामं बुडवायची? बसमध्ये बसवून देऊ, तिथले लोक उतरवून घेतील. तिच्या कमरेला लुगड्यात चिठ्ठी खोचली. हा फाटकापाशी उभा होता. म्हणाला, मी जाऊ का आईबरोबर? कोणी उत्तर दिलं नाही. बस सुटली तेव्हा ती खिडकीतून ह्याच्याकडे नाही, बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत होती."

जलजाक्षीला हे ठाऊक नव्हतं. सासूबाई विषमज्वराने गेल्या, हे दरवर्षी श्राद्धाला तिला सांगण्यात आलं होतं. ती ऐकत होती. शब्द तिच्या तोंडून येत होते आणि तिच्या कानांना नवे होते.

डॉक्टर हुंदके देत होते. सुब्बराव रडले होते, तसेच. पण त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरत होतं, हे तिला दिसत होतं. लग्नापासून तिने ते खांदे असे सैल कधी पाहिले नव्हते. आपण आता बोलायचं थांबलो तर ते पुन्हा वर चढेल, हेही तिला कळत होतं. आणि थांबता येईल की नाही, हे तिला कळत नव्हतं.

"पुढे?" निरंजनने हळूच विचारलं.

"जलजा कुठे राहिली?" डॉक्टरांनी डोळे न उचलता मध्येच विचारलं. "तिला वचन दिलं होतं मी. म्हणजे तिने मला. ती नसताना..."

ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती.

"त्या बाहेर असतील, सर. आधी यांचं होऊ दे," निरंजन म्हणाला. त्याची नजर डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून ढळली नाही.

दारावर थाप पडली. बाहेर परिचारिकेचा आवाज आला, समजुतीचा, जरा कंटाळलेला. "सांगितलं ना अम्मा, एकालाच सोडतो." त्यावर दुसरी एक बाई काकुळतीने काही म्हणाली. शब्द लागत नव्हते. पण ती ढब, वाक्याच्या शेवटी वर जाणारा तो स्वर जलजाक्षीने जन्मभर स्वतःच्या तोंडून ऐकला होता.

तिने दाराकडे पाहिलं नाही. आत्ता पाहिलं तर आपण नक्की कुठे आहोत ते कळेल, आणि ते कळून घ्यायची तिची छाती झाली नाही. तिने हात पुढे करून डॉक्टरांचा हात धरला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात धरलेला तोच हात. अंगठ्याच्या मुळाशी तीच गाठ, तेच ऊन लागल्यासारखं उबदार कातडं. निदान हा हात तरी ओळखेल मला, तिला आशा वाटली.

डॉक्टरांनी तो हात दोन्ही हातांत घेतला. वडीलधाऱ्या माणसाचा घ्यावा तसा, जपून. नजर मात्र जमिनीवरच होती, सवयीप्रमाणे.

"किती गार पडलेत हात तुमचे," ते म्हणाले. "फार चाललात आज."

जलजाक्षीने हात सोडला नाही.